आवड-नावड इंग्रजीत: रामबागेतल्या एका वर्गाच्या नोंदी

इंदूर, जानेवारी ते मार्च 2025. मी शिक्षिका नाही. विमा कंपनीत तेवीस वर्षं इंग्रजी पत्रं टाइप केली, तेवढंच भांडवल. निवृत्त झाल्यावर मंडळाने वरची खोली दिली आणि म्हणाले, बायकांना थोडं बोलतं करा. ज्यांना आपापल्या गल्लीत हाच उद्योग करायचाय त्यांच्यासाठी लिहून ठेवते आहे. निदान माझे पैसे जिथे वाया गेले तिथे तुमचे जाऊ नयेत.

6 जानेवारी, सोमवार

दुपारी 4 ते सव्वापाच. नऊ जण आले. सगळ्यांत मोठ्या आजी, वय 74. मुलगी कॅनडात, आणि सहा वर्षांची नात मराठी ऐकलं की पळून जाते. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले काका. घरी शिवणकाम करणाऱ्या ताई. लोकमान्य नगरहून एकाच स्कूटरवर येणाऱ्या दोघी जावा. कॅटरिंगमध्ये काम करणारा विशीतला मुलगा, त्याला हॉटेलातल्या नोकरीच्या मुलाखती द्यायच्यात. बाकी तिघी बघायला आल्या होत्या, त्यातली एक टिकेल असं वाटतं.

सुरुवात आवडीनिवडींपासून केली, कारण सगळी पुस्तकं तिथूनच करतात. फळ्यावर लिहिलं, मला चहा आवडतो, आय लाइक टी. सगळ्यांनी माना डोलावल्या. फळा पुसला आणि एकेकाला विचारलं.

शिवणवाल्या ताई म्हणाल्या, "मी लाइक टी."

मला कळेना, हा मराठीतला मी की इंग्रजीतला. विचारलं तर म्हणाल्या, "गिव्ह मी म्हणजे मला दे ना? मग मला आवडतो म्हणजे मी लाइक." तर्कात खोट काढायला जागाच नाही. आपल्याकडे चहा हा कर्ता, तो आवडतो, आणि आपण बापडे 'मला' होऊन बाजूला बसतो. हिंदीतही तेच, मुझे चाय पसंद है. म्हणजे इंदुरात राहून दोन्ही भाषा येत असल्या तरी दोन्हींचा इथे उपयोग शून्य.

नऊपैकी पाच जणांनी 'मी लाइक' म्हटलं. काकांनी 'टी लाइक्स मी' म्हटलं. त्यांनी तर रचनाही शाबूत ठेवली.

खर्च: खडू आणि डस्टर, 35 रुपये.

8 जानेवारी, बुधवार

आज चूक माझी. काकांच्या 'टी लाइक्स मी'वरून मला हुरूप आला आणि सांगून बसले की शेकडो वर्षांपूर्वी इंग्रजीतलं हे क्रियापद आपल्या आवडण्यासारखंच चालायचं. वस्तू आवडायची, माणूस 'ला' लावून मागे. 'इफ यू प्लीज'मध्ये त्या जुन्या वळणाची खूण अजून आहे. काकांचे डोळे चमकले. पस्तीस मिनिटं तेच. बाकीच्यांनी स्वेटरच्या टाक्यांवर चर्चा केली. ज्यांना शिकवायचंय त्यांनी हे ज्ञान घरी ठेवून यावं.

उरलेल्या वेळात एकच केलं. प्रत्येकाने छातीवर हात ठेवायचा आणि 'आय' म्हणायचं, मग हात वस्तूकडे न्यायचा, 'लाइक टी'. हात आधी स्वतःकडे. बालवाडीतलं वाटतं, पण 'मी' गेला. आजींना तर इतकं जमलं की जाताना जिन्यात छातीवर हात ठेवून म्हणाल्या, आय गो.

10 जानेवारी, शुक्रवार

नवा रोग. धाकट्या जाऊबाई: "आय लाइक्स पोहे." मोठ्या जाऊबाई: "माय हसबंड लाइक टी." म्हणजे शेवटचा 'स' आहे, फक्त चुकीच्या घरी नांदतोय.

कारण शोधायला घरी आल्यावर अर्धा तास गेला. आपण म्हणतो चहा आवडतो, भाजी आवडते, दूध आवडतं, पोहे आवडतात. क्रियापद बदलतं ते वस्तूकडे बघून. पोहे अनेक, म्हणून त्यांनी 'लाइक'लाही काहीतरी जोडलं. त्यामुळे पुढच्या वेळी नियम असा सांगितला: 'स' माणसाला चिकटतो, ताटातल्या वस्तूला कधीच नाही. आणि तोही तो, ती किंवा एकट्याचं नाव असेल तरच. नवरा लाइक्स. मी लाइक. कढई भरून पोहे असले तरी मी लाइकच.

15 जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. सगळ्यांकडे तिळगूळ. खात खात 'आय लाइक तिळगूळ', 'आय व्हेरी लाइक तिळगूळ'. खूप आवडतो, म्हणून व्हेरी लाइक. दुरुस्ती: 'रियली' आधी, 'व्हेरी मच' अगदी शेवटी. आय रियली लाइक इट. आय लाइक इट व्हेरी मच. मधे कुठेही 'व्हेरी' कोंबायचं नाही. हे पटकन बसलं.

पण एक बसलं नाही. "डू यू लाइक तिळगूळ?" असं विचारलं की सगळे म्हणतात, "येस, आय लाइक." आणि थांबतात. इंग्रज माणूस पुढच्या शब्दाची वाट बघत राहील. आपल्याकडे 'हो, आवडतो' एवढं पुरतं, वस्तू समोर दिसतेच आहे. तिकडे 'इट' हवंच, नाहीतर 'येस, आय डू'. मी 'येस, आय डू'च शिकवायचं ठरवलं. लहान आहे आणि विसरायला त्यात काही उरत नाही.

17 जानेवारी, शुक्रवार

खजुरी बाजारातून कार्डशीट आणली. चाळीस कार्डं कापली, बहुतेकांवर एकेक खाण्याची वस्तू, चित्रं भाचीने काढली. कार्डशीट 120, मार्कर 90, आणि घाई करून लगेच लॅमिनेशन, 400 रुपये. लॅमिनेशन आत्ता करू नका. का ते पुढे येईल.

पहिला घोटाळा आजच. कार्डावर लिहिलं होतं 'डॉग', कारण प्राण्यांचीही चार कार्डं घातली होती. कॅटरिंगचा मुलगा जोरात, "आय लाइक डॉग!" त्याला म्हटलं, बाबा, याचा अर्थ तुला कुत्र्याचं मटण आवडतं असा होतो. आय लाइक चिकन म्हणजे खायला, आय लाइक डॉग्ज म्हणजे पाळायला. खोलीत पाच मिनिटं हसू आवरेना आणि आजींनी कपाळाला हात लावला. अनेकवचन कधीच न विसरण्याचा याहून स्वस्त उपाय मला सापडलेला नाही.

20 जानेवारी, सोमवार

कुठे 'स' लावून अनेक करायचं आणि कुठे नाही, याचे नियम सांगायला लागले की लोक जांभया देतात. मग दोन डबे आणले, हिरवा आणि निळा. सांगितलं, ओला-सुका करायचंय. इंदूरकराला डबे वेगळे करायला शिकवावं लागत नाही, रोज सकाळी गाडीपुढे तेच करतो. मोजता येतात त्या वस्तू निळ्यात, 'स' लावून: मँगोज, ग्रेप्स, डॉग्ज. मोजता येत नाहीत त्या हिरव्यात, तशाच: टी, मिल्क, राइस, शुगर.

दहा मिनिटांत चाळीस कार्डं लागली. भांडण एकाच कार्डावर. पोहे. आपल्याकडे पोहे अनेक, पोहे आवडतात. इंग्रजीत तांदळासारखं, एकच, पोहा. काका म्हणाले, दाणे मोजता येतात, मोजून दाखवतो. मी म्हटलं, तांदळाचेही येतात, पण 'राइसेस' म्हणणार का? ते गप्प बसले, पण पटलेलं नव्हतं. पोहे हिरव्या डब्यात गेले.

खर्च: दोन डबे, 160. घरात नंतर कामाला आले.

24 जानेवारी, शुक्रवार

आता मुख्य अडचणीकडे येते. व्याकरण बऱ्यापैकी जमतंय. पण आज लक्षात आलं की तीन आठवड्यांत वर्गात एकानेही 'आय डोन्ट लाइक' म्हटलेलं नाही.

मुद्दाम कारल्याचं कार्ड काढलं. धाकट्या जाऊबाई: "आय लव्ह बिटर गोर्ड." मोठ्या: "आय ऑल्सो लव्ह." शेपू, दुधी, पडवळ, सगळं लव्ह. आजींना साबुदाणा सोसत नाही हे मला ठाऊक आहे, दर एकादशीला त्या भगर खातात. त्या म्हणाल्या, "आय लाइक." कॅटरिंगचा मुलगा तर सगळ्यालाच आय लाइक, त्याच्या धंद्याचा भाग आहे तो.

मी वैतागून मराठीत विचारलं, तुम्हाला जगात एकही गोष्ट नावडत नाही का? आजी शांतपणे म्हणाल्या, "अगं, अन्नाला नावं ठेवू नयेत."

चाळीस कार्डं. चारशे रुपयांचं लॅमिनेशन. त्यातली छत्तीस अन्नाची.

27 जानेवारी, सोमवार

रविवारी बसून नवी यादी केली. खाण्याची एकही वस्तू नाही. हॉर्न. कबुतरं. पाहुणे, दुपारी दोन वाजता येणारे. पाण्याचा टँकर उशिरा. फोनवर मोठ्याने बोलणारे. लग्नातला डीजे. बँकेतली रांग. उन्हाळ्यात वीज जाणं. पावसाळ्यातला कपड्यांचा वास. टीव्हीवरची मालिका, जी संपत नाही. मुलाचं दार आपटणं. डास.

साध्या कागदावर, हाताने लिहिलेली, लॅमिनेशन नाही. खर्च 0, जुन्या डायरीची पानं.

पहिलंच कार्ड कबुतरं. आजी खुर्चीत सरसावून बसल्या. "आय डोन्ट लाइक पिजन्स! आय डोन्ट लाइक, आय डोन्ट लाइक! गॅलरी, ऑल डर्टी!" मागून ताई, काका, जावा. काकांनी जाळी लावायला किती पैसे गेले तेही सांगितलं, मधे हिंदीत. सव्वापाचला कोणी उठेना.

म्हणजे नावड होती, भरपूर होती. ताटातून मागितली म्हणून बाहेर येत नव्हती.

29 जानेवारी, बुधवार

आता 'डोन्ट लाइक'च्या वरखाली पायऱ्या करायच्या. लव्ह, रियली लाइक, लाइक, डोन्ट माइंड, नॉट कीन ऑन, डोन्ट लाइक, कान्ट स्टँड, हेट. माझी हुशारी अशी की मंडळाच्या जिन्यावरच खडूने लिहिलं. वर लव्ह, खाली हेट. ज्याला जे वाटतं त्या पायरीवर उभं राहायचं.

कार्ड निघालं डीजे. सगळे खाली उतरले. पुढचं कार्ड पाऊस. सगळे वर. तिसऱ्या कार्डाला आजींचे गुडघे बोलले आणि काकांनी कठड्याला धरून सांगितलं, "आय हेट स्टेअर्स." वाक्य निर्दोष होतं. खेळ बंद केला. जिना पुसायला मंडळाच्या वॉचमनने मलाच लावलं.

31 जानेवारी, शुक्रवार

जिन्याऐवजी खोलीत आडवी दोरी बांधली, एका टोकाला लव्ह, दुसऱ्याला हेट, आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं लावायची. दोरी 40, चिमटे 30. चाललं. एकच खोट, दोरीला मधे झोळ पडतो आणि हळूहळू सगळी कार्डं घसरून मधल्या पायरीवर येतात. मधली पायरी म्हणजे 'डोन्ट माइंड'. मराठी माणसाचं 'चालेल' दोरीलाही कळतं, असं वाटलं.

त्याच शब्दावर अडलं. 'आय डोन्ट माइंड' म्हटलं की सगळ्यांना ऐकू येतं, वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडे 'डोन्ट माइंड हां' असं म्हणून लोक पायावर पाय देतात. त्यामुळे 'आय डोन्ट माइंड ट्रॅफिक' हे त्यांना भलतंच लागलं. शेवटी एवढंच सांगितलं की जिथे मराठीत चालेल किंवा चालतं म्हणाल, तिथे आय डोन्ट माइंड. चहा की कॉफी? काहीही चालेल. आय डोन्ट माइंड. त्यानंतर एकदाही चुकलं नाही. मला वाटतं, इंग्रजीतल्या सगळ्या शब्दांत आमच्या लोकांना मनापासून आवडलेला हा एकच.

आणि 'क्वाइट लाइक' यादीत होतं, ते काढून टाकलं. इंग्लंडात ते कोमट, अमेरिकेकडे त्याचा जोर जास्त. नातीशी बोलताना आजींनी असली जोखीम कशाला घ्यायची.

3 फेब्रुवारी, सोमवार

कार्ड: बँकेतली रांग. ताई: "आय कान्ट स्टँड इट." धाकट्या जाऊबाई लगेच: "मी टू!"

बरं, हा 'मी' इंग्रजीतला आहे आणि इथे चालतो. महिनाभर मी ज्याच्या मागे लागले होते तोच परत आला, या वेळी सन्मानाने. फक्त वाक्य नकाराचं असेल तर टू चालत नाही, मी नीदर. आय लाइक इट, मी टू. आय डोन्ट लाइक इट, मी नीदर. मराठीत 'मलाही' आणि 'मलाही नाही'. काकांना 'नीदर' म्हणावं की 'नायदर' असा प्रश्न पडला. दोन्ही चालतात असं सांगितल्यावर ते जरा नाराज झाले, त्यांना नियम हवा असतो.

7 फेब्रुवारी, शुक्रवार

इंदूरचं खास दुखणं. आपण इथे 'काय करून राहिली', 'येऊन राहिलो' बोलतो. पुण्याहून येणाऱ्या माझ्या नणंदेला हे ऐकून दरवेळी गंमत वाटते. आता कॅटरिंगचा मुलगा म्हणतो, "आय ॲम लाइकिंग धिस जॉब." आवडून राहिलाय ना जॉब. लाइक, लव्ह, हेट, वॉन्ट, माहीत असण्याचं नो, यांना असं 'राहिलो' लावत नाहीत. त्याने उलट विचारलं, मग त्या बर्गरवाल्यांच्या 'आय'म लव्हिन इट' जाहिरातीत का लावतात? मी म्हटलं, त्यांना विकायचंय, तुला नोकरी हवी आहे. ते गाणं म्हण, मुलाखतीत म्हणू नको.

त्याच्यासाठी वेगळं एक वाक्य घासून घेतलं. 'आय एन्जॉय टू कुक' नाही, 'आय एन्जॉय कुकिंग'. एन्जॉय आणि डोन्ट माइंड यांच्यामागे नेहमी ते 'इंग'. लाइक, लव्ह, हेट यांच्यामागे दोन्ही चालतं. आणि 'वुड लाइक'मागे फक्त टू: आय वुड लाइक टू वर्क हिअर. त्याने 'वुड' गिळला आणि तीनदा 'आय लाइक टू वर्क हिअर' म्हटलं. म्हणजे मला इथे काम करायला आवडतं, आणि तो तर अजून दारातच उभा. घरून पन्नास वेळा म्हणून ये असं सांगितलं.

12 फेब्रुवारी, बुधवार

आजींचा फोन झाला म्हणे. नातीला विचारायचं होतं की तुझ्या बाईंना काय आवडतं. विचारलं, "व्हॉट इज युअर टीचर लाइक?" नातीने उत्तर दिलं, "शी इज टॉल." आजी म्हणाल्या, उंच असणं आवडतं का तिला? मग मुलीने मधे येऊन सोडवलं.

हा सापळा मी शिकवायलाच विसरले होते. 'व्हॉट इज शी लाइक' म्हणजे ती कशी आहे. 'व्हॉट डज शी लाइक' म्हणजे तिला काय आवडतं. मधे इज आला की लाइकची आवड जाते आणि तो 'सारखं' होऊन बसतो. सरावाला शिकंजी घेतली. व्हॉट इज शिकंजी लाइक? बाहेरच्यांना वाटतं लिंबू सरबत. आमच्याकडची तर दुधाची, दाट, सुक्यामेव्याची. सगळ्यांनी वर्णन केलं. आजींनी सर्वांत छान केलं: "नॉट लेमन. लाइक रबडी, बट ड्रिंक."

14 फेब्रुवारी, शुक्रवार

'आय प्रिफर टी दॅन कॉफी.' कॉफीपेक्षा चहा, म्हणून दॅन. प्रिफरला टू लागतो. सांगितलं, लिहून दिलं, पुन्हा दॅन. तीन तास यात घालवू नका. 'आय लाइक टी मोर दॅन कॉफी' म्हणायला सांगा आणि पुढे चला. मी तेच केलं.

19 फेब्रुवारी, बुधवार

नकार सभ्यपणे देणे. कबुतरांना 'हेट' म्हणणं ठीक, पण कोणाच्या घरी पाहुणा म्हणून बसल्यावर 'आय डोन्ट लाइक इट' म्हणजे थोबाडीत. तीन वाक्यं दिली. आय'म नॉट व्हेरी फाँड ऑफ इट. इट्स नॉट रियली माय थिंग. आणि कोणी 'डू यू लाइक इट' विचारलं तर नुसतं, नॉट रियली.

आपल्याकडे हे काम पोटावर ढकलायची पद्धत आहे. नको म्हणायचं नसतं, 'पोट भरलं' म्हणायचं असतं. ताईंनी विचारलं, 'माय स्टमक इज फुल' चालेल का? अर्थ कळेल, पण 'आय'म फुल' बरं. मग सगळ्यांना तेच हवं झालं, बाकी तीन वाक्यांकडे कोणी बघेना.

26 फेब्रुवारी महाशिवरात्र. सुट्टी.

1 मार्च, शनिवार

रात्री सराफा. दागिन्यांची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याची लागतात, तिथे अर्धा तास फक्त इंग्रजीत बोलायचं असं ठरलं होतं. सहा जण आले. ही कल्पना फसली, आणि पूर्ण फसली. गर्दी इतकी की एकमेकांचं ऐकू येईना. मोठ्या जाऊबाईंनी गराडू, म्हणजे तळलेला कंद, विकणाऱ्याला विचारलं, "इज इट स्पायसी?" तो म्हणाला, "तीखा चाहिए तो बोलो," आणि वरून जीरावन मसाला टाकला. हंगाम संपत आलाय म्हणून सगळ्यांनी तेच खाल्लं. दहा मिनिटांत सगळे हिंदीत. भुट्ट्याच्या किसापाशी काका एकटेच नेटाने, "आय रियली लाइक इट." विकणाऱ्याने विचारलं, "सर बाहर से आए हैं?" त्यावर ते दिवसभर खुश.

खाण्याचा खर्च ज्याचा त्याने केला. आजींना रिक्षा, 140. बाजारात सराव करायचाच असेल तर सकाळी, रिकाम्या दुकानात, आणि विकणाऱ्याला आधी सांगून.

10 मार्च, सोमवार

आज काही शिकवायचं ठरवलं नव्हतं, होळीची गडबड. लॅमिनेशन केलेली अन्नाची कार्डं टाकून द्यायला काढली, तेवढ्यात म्हटलं शेवटचं एकदा चिमट्याने लावू. दोरी ताणून घेतली होती, दोन खिळे जास्त ठोकून.

कारल्याचं कार्ड धाकट्या जाऊबाईंच्या हाताला लागलं. त्यांनी जरा वेळ घेतला, दोरीकडे गेल्या आणि 'नॉट कीन ऑन'वर लावलं. वळून, छातीवर हात ठेवून, "आय'म नॉट व्हेरी फाँड ऑफ बिटर गोर्ड."

मोठ्या जाऊबाई खुर्चीतून, "मी नीदर."

आम्ही सगळे गप्प. मग दोघी एकमेकींकडे बघून मराठीत सुटल्या. सासऱ्यांना मधुमेह होता, म्हणून दर सोमवारी कारल्याची भाजी. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. मोठीला वाटत होतं धाकटीला आवडते, ती दोनदा वाढून घेते. धाकटी दोनदा घेत होती कारण मोठी एवढं चिरून, मीठ लावून, पिळून करते, उरली तर तिला वाईट वाटेल. नऊ वर्षांचे सोमवार. काका हिशेब मांडायला लागले, त्यांना थांबवलं.

मी व्याकरण दुरुस्त करायला जाणार होते की आधीचं वाक्य 'आय'म'वालं असेल तर पुस्तकी उत्तर 'नीदर ॲम आय'. नाही केलं. मी नीदर दोन्हीकडे चालतं.

अन्नाची कार्डं टाकली नाहीत. क्रम उलटा होता एवढंच. आधी कबुतरं आणि डास, मग सहा आठवड्यांनी कारलं.

19 मार्च, बुधवार

रंगपंचमी. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सगळे रस्ते रंगलेले, वर्ग होणं शक्यच नव्हतं. कॅटरिंगच्या मुलाचा निरोप आला: मुलाखत झाली, 'वुड' म्हटला, नोकरीचं अजून कळवलेलं नाही.

24 मार्च, सोमवार

आजींची नात फोनवर ब्रोकोली खात नव्हती. आजी म्हणाल्या, "यू डोन्ट लाइक इट? नॉट व्हेरी फाँड?" नात म्हणाली, "आय हेट इट." आजींनी मला विचारलं, एवढ्याशा पोरीला हेट कोणी शिकवलं. मी म्हटलं, पुढची पायरी तीच होती.

त्या स्वतः साबुदाण्याबद्दल अजूनही 'आय लाइक' म्हणतात. तो विषय मी सोडला आहे.

28 मार्च, शुक्रवार

रविवारी पाडवा, आज शेवटचा वर्ग. नऊमधले सात टिकले.

हिशेब: खडू-डस्टर 35, कार्डशीट 120, मार्कर 90, लॅमिनेशन 400, डबे 160, दोरी-चिमटे 70, रिक्षा 140. एकूण 1,015 रुपये. लॅमिनेशन आणि सराफा वगळला असता तर 475 मध्ये झालं असतं. वेळ: आठवड्याला तीनदा सव्वा तास, शिवाय घरी रोज अर्धा तास तरी, त्यातला निम्मा फुकट.

पुढच्या तुकडीसाठी सामान कपाटात ठेवलं आहे. अन्नाची कार्डं धडधाकट. डायरीच्या पानांची बरीच चुरगळली. कबुतरांचं कार्ड मधोमध फाटलं, आजी आणि काका दोघांनाही ते आधी हवं होतं. नवं लिहायचं आहे, आणि त्या एकाला मात्र लॅमिनेशन करून घ्यायचं आहे.